आजारी फेरेट आणि ‘मॉडेल’ नावाची गोष्ट

पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणारी मुलं मला एक प्रश्न हमखास विचारतात: “मॉडेल ऑर्गॅनिझम म्हणजे नक्की काय?” व्याख्या सोपी आहे. ज्याच्यावर थेट प्रयोग करता येत नाही, त्याच्या जागी आपण दुसरा जीव अभ्यासतो, तो म्हणजे मॉडेल. पण मुलाखतीत व्याख्या सांगून झाली की पुढचा प्रश्न येतो, “मग या मॉडेलची मर्यादा काय?” आणि तिथे गाडी अडते. आज आपण एका छोट्या प्राण्याच्या आजारपणाच्या इतिहासातून याचं उत्तर शोधूया. प्राणी आहे फेरेट.

आपल्याकडे फेरेट फारसा कोणी पाहिलेला नसतो. दिसायला थोडा मुंगसासारखा, लांबट, वजनाला साधारण किलो-दीड किलो. पण तो मुंगसाच्या कुळातला नाही. आपलं पाणमांजर ज्या कुळातलं, त्याच कुळातला हा. युरोपातल्या पोलकॅट या रानटी प्राण्यापासून तो माणसाळवला गेला आणि बिळातले ससे बाहेर हुसकायला शेकडो वर्षं वापरला गेला. आज अमेरिका-युरोपात तो मांजरासारखा घरात पाळतात.

आता अशी कल्पना करा की तिथल्या एखाद्या घरात पाच वर्षांचा फेरेट गंभीर आजारी आहे. पशुवैद्याने निदान केलंय: इन्सुलिनोमा, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींची गाठ. घरची माणसं काय करतात? स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज त्याचं वजन करतात. दर तीन-चार तासांनी कोमट, मऊ, मांसाहारी खाणं थोडं थोडं भरवतात. तो एकटक बघत राहिला, मागचे पाय लटपटले, तोंडाला लाळ आली, की रक्तातली साखर उतरली असं समजून हिरडीवर थोडा मध किंवा साखरेचा पाक चोळतात. झटके येत असतील तर बोटं दातांपासून जपतात आणि लगेच दवाखान्यात फोन करतात. शुद्धीवर आल्यावर नुसत्या गोडावर ठेवत नाहीत, मांसाचं खाणं देतात, कारण फक्त साखर दिली तर गाठ अजून इन्सुलिन सोडते आणि साखर पुन्हा कोसळते. हे सगळं वेळेसकट वहीत लिहून ठेवतात.

या शुश्रूषेमागचं ज्ञान कुठून आलं? वही, वजन, ताप, वेगळं ठेवणं ही शिस्त आपल्या ओळखीची आहे, ती प्रयोगशाळेतली. पण इन्सुलिनोमा हा आजार मात्र प्रयोगशाळेच्या खिडकीतून सहसा दिसणारा नव्हता. का, ते बघायला शंभर वर्षं मागे जावं लागेल.

आधी कुत्र्याच्या जागी

१९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये कुत्र्यांचा डिस्टेंपर हा मोठा प्रश्न होता. १९०५ मध्येच फ्रान्सच्या आंरी कारे यांनी दाखवलं होतं की याचं कारण जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही पार जातं. पण सगळ्यांना ते पटलेलं नव्हतं. ‘द फील्ड’ या शिकार-खेळांच्या नियतकालिकाने निधी उभारला आणि लंडनच्या उत्तरेला मिल हिल इथे पॅट्रिक लेडलॉ आणि पशुवैद्य जी. डब्ल्यू. डंकिन यांनी काम सुरू केलं.

अडचण अशी की कुत्रा हा प्रयोगाला वाईट प्राणी. त्याला आधी कधी डिस्टेंपर होऊन गेलाय का, हे कळत नाही. होऊन गेला असेल तर तो आजारी पडणार नाही, आणि आपल्याला वाटेल की नमुन्यात विषाणूच नव्हता. फेरेटला मात्र डिस्टेंपर झटकन होतो, आणि झाला की तो बहुतेक वाचत नाही. शिवाय लहान असल्याने वेगळा ठेवायला सोपा. १९२६ मध्ये दोघांनी फेरेटमधल्या डिस्टेंपरवर पेपर छापला आणि पुढे कुत्र्यांसाठी लसही तयार केली.

या कामाचा कणा म्हणजे विलगीकरण. आजारी प्राण्याकडे जाताना कपडे-बूट बदलायचे, जंतुनाशकाने धुवायचं, एका पिंजऱ्याची वस्तू दुसऱ्याकडे न्यायची नाही. आज ज्याला आपण ‘कंटॅमिनेशन कंट्रोल’ म्हणतो, ते इथे अक्षरशः जीवनमरणाचं होतं. एक चुकलेला बूट पूर्ण प्रयोग खोटा ठरवू शकत होता.

मग माणसाच्या जागी

१९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत एकट्या भारतात एक कोटीहून जास्त माणसं गेली. जून १९१८ मध्ये मुंबईत साथ दिसली आणि तिथून ती देशभर पसरत गेली. इतकं होऊनही आजाराचं कारण काय, यावर एकमत नव्हतं. १८९२ मध्ये रिचर्ड फायफर यांनी शोधलेल्या एका जिवाणूला अनेक जण दोषी मानत होते.

१९३३ च्या सुरुवातीला लंडनमध्ये पुन्हा फ्लू आला. विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी रुग्णांच्या गुळण्यांचं पाणी गाळून, जिवाणू काढून टाकून, ते वेगवेगळ्या प्राण्यांना देऊन पाहिलं. बाकीच्यांवर काही परिणाम दिसेना. फेरेटच्या नाकात थेंब टाकल्यावर मात्र साधारण दोन दिवसांत त्याला ताप आला, तो शिंकू लागला, नाक वाहू लागलं, खाणं सोडून गप्प पडून राहिला. ८ जुलै १९३३ च्या ‘लॅन्सेट’मध्ये हा पेपर आला. बरा झालेला फेरेट त्याच विषाणूने पुन्हा आजारी पडत नाही, आणि बऱ्या झालेल्या प्राण्याचं रक्तद्रव विषाणूला निष्प्रभ करतं, हेही त्यांनी दाखवलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. डिस्टेंपरची सुरुवातही ताप आणि वाहत्या नाकानेच होते. फेरेट शिंकला म्हणजे त्याला फ्लूच झाला, असं म्हणता येत नाही. मिल हिलची डिस्टेंपरच्या काळात अंगवळणी पडलेली शिस्त नसती, तर हा शोध संशयातच अडकला असता.

१९३६ मध्ये स्मिथ आणि चार्ल्स स्टुअर्ट-हॅरिस यांनी उलटा प्रवासही नोंदवला: आजारी फेरेट तोंडासमोर शिंकला आणि तपासणाऱ्या संशोधकालाच फ्लू झाला. म्हणून आजही फेरेट पाळणाऱ्यांना सांगतात, घरात कोणाला फ्लू असेल तर त्याने फेरेटपासून लांब राहावं. घरगुती वाटणाऱ्या या सूचनेची मुळं १९३० च्या दशकातल्या त्या कामात आहेत.

घरात आल्यावर

१९८० च्या दशकात अमेरिकेत फेरेट घरगुती प्राणी म्हणून लोकप्रिय झाला. १९८८ मध्ये जेम्स फॉक्स यांचं फेरेटचं जीवशास्त्र आणि आजार यांवरचं पाठ्यपुस्तक निघालं. आणि याच सुमारास पशुवैद्यांच्या टेबलावर दोन आजार वारंवार दिसू लागले: इन्सुलिनोमा आणि अधिवृक्क ग्रंथीचा आजार. दुसऱ्यात शेपटीपासून केस गळत जातात, आणि नरामध्ये प्रोस्टेट सुजून लघवी अडली तर काही तासांत जीव धोक्यात येतो.

हे आजार आधी का दिसले नाहीत? वय बघा. दोन्ही प्रामुख्याने तीन वर्षांपुढच्या फेरेटमध्ये होतात. फ्लूचा किंवा डिस्टेंपरचा प्रयोग काही आठवड्यांत संपतो. प्रयोगशाळेतल्या फेरेटला म्हातारं होण्याची वेळ सहसा येतच नव्हती. संख्याशास्त्रात याला राइट-सेन्सॉरिंग म्हणतात: घटना घडण्याआधीच आपलं निरीक्षण थांबतं. डेटामध्ये आजार नाही, याचा अर्थ प्राण्यात तो होतच नाही असा नसतो.

पण एवढ्यावर थांबलो तर उत्तर अर्धवट राहील. घरातला फेरेट हा प्रयोगशाळेतल्या फेरेटपेक्षा वेगळाही होता. अमेरिकेत विकली जाणारी पिल्लं अगदी लहान वयात नसबंदी केलेली असतात. त्यालाही कारण आहे. मादी माजावर आली आणि नराशी संयोग झाला नाही, तर माज उतरत नाही, इस्ट्रोजेनमुळे अस्थिमज्जा दबते आणि ती रक्तक्षयाने मरू शकते. म्हणून नसबंदी. पण जननग्रंथी काढल्या की मेंदूकडून येणाऱ्या संप्रेरकांना थोपवणारं कोणी उरत नाही, आणि ती अधिवृक्क ग्रंथीला सतत ढोसत राहतात. २००० मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी नसबंदीचं वय आणि या आजाराच्या सुरुवातीचं वय यांच्यात संबंध असल्याचं दाखवलं. म्हणजे एक आजार टाळायला केलेली गोष्ट दुसऱ्या आजाराला हातभार लावत होती. जास्त जगणं आणि वेगळं जगणं, ही दोन कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. तुमच्या डेटामध्येही असं होईल, तेव्हा घाईने एकच कारण निवडू नका.

भावंडाच्या जागीही चालत नाही

मॉडेलची मर्यादा किती महाग पडते याचं एक उदाहरण अमेरिकेतलंच आहे. तिथे काळ्या पायांचा फेरेट नावाचा रानटी आणि अतिशय दुर्मिळ प्राणी आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, तो वाचवण्यासाठी साउथ डकोटातून सहा प्राणी पकडले गेले. डिस्टेंपर होऊ नये म्हणून त्यांना जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूची लस दिली. पाळीव फेरेटमध्ये ही लस सुरक्षित होती. सहापैकी चार लसीतूनच झालेल्या डिस्टेंपरने मेले. १९८५ मध्ये वायोमिंगमधल्या शेवटच्या कळपातही डिस्टेंपर शिरला आणि १९८७ पर्यंत उरलेले सगळे, म्हणजे १८ प्राणी, पकडून बंदिस्त ठेवावे लागले. आज जे आहेत ते त्यांचेच वंशज.

कुत्र्यासाठी फेरेट चालला, माणसाच्या फ्लूसाठी चालला, पण स्वतःच्या जवळच्या नातेवाइकासाठी चालला नाही. नातं जवळचं असलं म्हणजे मॉडेल चांगलं, असं गृहीत धरता येत नाही. कोणत्या प्रश्नासाठी, हे विचारावंच लागतं.

तर मग सिनॉप्सिसमध्ये काय लिहायचं?

घरी आजारी फेरेटच्या उशाशी बसलेला माणूस प्रयोगशाळेतलीच साधनं वापरतो: काटा, थर्मामीटर, घड्याळ, वही. फरक एवढाच की तिथे तो फेरेट कोणाच्याही जागी उभा नसतो. तो स्वतःच रुग्ण असतो. म्हणून प्रश्नही बदलतात. आज सकाळी त्याने किती खाल्लं? काल उभा राहत होता, आज का नाही? औषध वाढवून त्याचे दिवस बरे जातायत की नुसते लांबतायत? आणि शेवटी, आता थांबावं का? हा शेवटचा प्रश्न फ्लूच्या प्रयोगाच्या वहीत कधी या अर्थाने येत नाही. पण तो प्रामाणिकपणे सोडवायला लागणारी नोंद मात्र तितकीच काटेकोर लागते, कारण माया असली की आपल्याला सुधारणा दिसायला लागते, ती नसली तरी.

तुम्ही उंदीर, झेब्राफिश, पेशींची कल्चर किंवा कॉम्प्युटर सिम्युलेशन, काहीही वापरणार असाल, तर मटेरियल्स अँड मेथड्सच्या आधी स्वतःसाठी तीन ओळी लिहा. हे मॉडेल कोणाच्या जागी आहे? माझं निरीक्षण कधी थांबतं, आणि त्यानंतर काय घडू शकतं? याला कोणाच्याही जागी न ठेवता फक्त याच्याकडे बघितलं, तर मला काय दिसेल? मुलाखतीत मर्यादेचा प्रश्न आला की या तीन ओळी कामी येतील, आणि पुढे थिसिसमध्ये डिस्कशनचा धडा लिहितानाही.