न वापरलेली ट्रान्सफर केस कशी झिजते?

शेवगावला काकांची जुनी, तीन गिअरची जीप आहे. दिवाळीला गेलो तेव्हा जाम घरघरत होती. मिस्त्री म्हणाला, गिअरबॉक्स बदला. तेवढा खर्च करण्यापेक्षा काका ती भंगारात काढायला निघाले होते.

मला संशय ट्रान्सफर केसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीचा. काका हसले. "अरे, पुढची चाकं आपण जोडतो वर्षातून एकदा, पावसाळ्यात, काळ्या रानात. ती कशी झिजेल?"

उत्तर १९४१ सालात आहे. अमेरिकन सैन्याच्या विलीज जीपमध्ये पुढचा शाफ्ट इंजिनच्या शेजारून जावा म्हणून उजवीकडे घेतला, मागचाही त्याच रेषेत. त्यामुळे ताकद सरळ मागे जातच नाही, मधल्या एका गिअरवरून जाते. चाकं दोन जोडा नाहीतर चार, तो फिरणारच! १९४९ साली महिंद्रांनी सुटे भाग आणून मुंबईत जीपा जोडायला घेतल्या, तेव्हा हीच रचना आपल्याकडे आली.

मग डीबगिंग. गाडी उभी, ट्रान्सफर केस न्यूट्रलला, गिअरबॉक्स तिसऱ्यात. तिसरा थेट असतो, गिअरबॉक्सच्या दातांवर भार नाही. चाकांकडचं सगळं थांबलेलं. तरी घरघर! उरला मधला गिअर.

ऑइल काढून खालचं झाकण उघडलं. मधल्या शाफ्टवर खाचा पडलेल्या. शाफ्ट, बेअरिंग, वॉशर नवे टाकले, ९० नंबरचं ऑइल भरलं.

जीप घरीच राहिली. काका आता ऑइलची लेव्हल स्वतः बघतात.