माळीण, पडकई आणि इंग्रजीतला अहवाल
माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने ऑगस्ट २०११ मध्ये केंद्राला सादर केलेला अहवाल इंग्रजीत होता, आणि तो जनतेसमोर येण्यासाठीही माहिती अधिकाराचा लढा होऊन मे २०१२ उजाडावा लागला. त्यावर ग्रामसभांनी चर्चा करावी ही समितीची अपेक्षा होती, पण गावोगावी पोचली ती ‘संवेदनशील क्षेत्र’ म्हणजे सरसकट बंदी, एवढीच धास्ती.

तज्ज्ञांचे म्हणणे लोकांपर्यंत पोचताना असेच पुन्हा हरवले ते माळीणच्या दुर्घटनेनंतर. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे दगावली; सकाळच्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा बाहेर खबर गेली. कारणमीमांसेत अतिवृष्टी, तीव्र उतार आणि झिजलेल्या बेसाल्ट खडकावरील मातीचा थर यांच्या जोडीला पडकईचेही नाव आले. पडकई म्हणजे उतारावर बांध घालून भातखाचरे काढण्याची या भागातील आदिवासी शेतकऱ्यांची जुनी रीत, जी एकमेकांच्या श्रमाने, हाताने होत असे. यंत्राने डोंगर कापून केलेले सपाटीकरण हे निराळेच काम, तरी अनेक बातम्यांत दोन्ही एकाच नावाखाली गेली, आणि शास्त्रीय निष्कर्षाचा सर्वांत उपयोगी भाग तिथेच हरवला. वाचलेल्या कुटुंबांचे पुनर्वसन जवळच्या आमडे येथे करण्यात आले; तेथील घरांचा ताबा २०१७ मध्ये मिळाला.