प्रस्तावना : पन्नाशीनंतरच्या लघवीच्या तक्रारी

पूर्णा हे रेल्वेचे जंक्शन. मुख्य मार्गावर एका बाजूला परभणी, दुसऱ्या बाजूला नांदेड. एक फाटा हिंगोली-अकोल्याकडे जातो. मोठ्या तपासणीसाठी इथला रुग्ण परभणी किंवा नांदेड गाठतो. पण प्रोस्टेटच्या बहुतेक तक्रारींचे निदान गाडीत बसण्यापूर्वीच, तालुक्याच्या दवाखान्यात, नीट विचारपूस केली तर निम्म्याहून पुढे सरकते. या शाखेत नव्याने येणाऱ्या डॉक्टर, परिचारिका आणि आरोग्यसेवकांना पहिल्याच पानावर सांगायचे ते एवढेच.

साठीतले गृहस्थ येतात ते ‘झोप लागत नाही, अशक्तपणा आहे’ म्हणत. रात्री चारदा उठावे लागते, धार बारीक झाली आहे, कपडे ओले होतात, हे सून सोबत असताना ओठांवर येत नाही. अशा वेळी त्यांना एकट्याला आत घ्यावे आणि सरळ विचारावे. विचारण्याची रीतही ठरलेली आहे. १९९२ साली अमेरिकेत तयार झालेल्या सात प्रश्नांच्या गुणपत्रिकेत ० ते ३५ गुण असतात. सातपर्यंत त्रास सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, त्यापुढे तीव्र. ग्रंथी किती वाढली यावरून त्रासाचा अंदाज बांधता येत नाही. लहान ग्रंथीनेही लघवी तुंबते आणि मोठी ग्रंथी असलेला माणूस रात्रभर शांत झोपतो.

विचारपुशीला वहीची जोड द्यावी. तीन दिवस, प्रत्येक वेळी किती वाजता आणि किती मिलिलिटर लघवी झाली, ते मापाच्या मगाने मोजून लिहायला सांगावे. दिवसभराच्या एकूण लघवीपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त रात्रीच होत असेल, तर सगळा दोष प्रोस्टेटवर टाकू नये. पायांवर सूज आहे का, साखर वाढली आहे का, लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी संध्याकाळी घेतली जाते का, हे पाहावे. उलट, एखादा वृद्ध झोपेत अंथरूण ओले करू लागला, तर वय झाले म्हणून सोडून देऊ नये. त्याच्या ओटीपोटावर हात ठेवावा. पिशवी तुडुंब भरून लघवी ठिबकत असेल, तर धोका किडन्यांना आहे. लघवी करून आल्यावर सोनोग्राफीत किती शिल्लक दिसते, ते यासाठीच पाहायचे.

रुग्णाच्या मनातली खरी भीती कॅन्सरची असते. साधी वाढ मूत्रनळीभोवतीच्या भागात होते, कॅन्सर बहुधा बाहेरच्या भागात. साध्या वाढीचा पुढे कॅन्सर होत नाही. मात्र दोन्ही एकाच वेळी असू शकतात. कॅन्सर सुरुवातीला अनेकदा मुका असतो. पीएसएची रक्ततपासणी करावी की नाही, हे रुग्णाशी बोलून ठरवावे. वडील किंवा भावाला हा आजार झाला असेल तर हे बोलणे लवकर व्हावे. जंतुसंसर्गात किंवा लघवी तुंबल्यावर पीएसएचा आकडा वाढतो, तर फिनास्टेराइड सहा महिने घेतल्यावर जवळपास निम्मा होतो. हे न विचारता आकडा वाचला तर घर विनाकारण हादरते किंवा खोट्या धीरावर राहते.

उपचार पायरीपायरीने करावेत. झोपण्यापूर्वी चहा-पाणी कमी, सर्दीच्या काही गोळ्यांपासून सावधगिरी, मग टॅमसुलोसिनसारखी औषधे. त्यांनी उभे राहताना चक्कर येऊ शकते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपूर्वी ही गोळी चालू आहे किंवा पूर्वी घेतली होती, हे नेत्रतज्ज्ञांना सांगावेच लागते, कारण बुबुळ सैल पडून ऑपरेशन अवघड होते. प्रोस्टेटच्या दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर वीर्य लघवीच्या पिशवीकडे उलटे जाऊ शकते. हेही सहीपूर्वीच सांगावे.

लघवीत रक्त, थंडी वाजून ताप किंवा लघवी पूर्ण अडकणे, या तीन वेळी मात्र वही आणि गुणपत्रिका बाजूला ठेवून तातडीने पुढे पाठवावे.

या पानांतून शिकायला येणाऱ्यांचे स्वागत. तपासण्या आणि औषधे हळूहळू अंगवळणी पडतील. तोवर पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक पुरुष रुग्णाला लघवीबद्दल एक प्रश्न न चुकता विचारा.