तळटीप : जलधारेचा दाब आणि पंपाची शक्ती

ग्रंथकर्त्याने येथे केवळ दाबाचा निर्देश केला असला, तरी होट्टलच्या देवालयाला लागलेल्या काळ्या पाषाणासारखा कठीण दगड गार्नेटमिश्रित जलधारेने कापावयाचा तर पंपाची अश्वशक्तीही विचारात घ्यावी लागते. कारण धारेचा वेग दाबाच्या वर्गमुळाच्याच प्रमाणात वाढतो, आणि शक्ती हा दाब व प्रवाह यांचा गुणाकार असल्याने, तीच शक्ती राखून दाब 4000 बारवरून 6000 वर नेल्यास वेग सुमारे पंचमांशाने वाढतो, पाणी मात्र दोन-तृतीयांशच वाहते. गार्नेटही त्या मानाने कमी लागते, आणि कारखानदाराची खरी नजर त्याच रकमेवर असते. मिनिटाला चार-दोन लिटर पाण्याची फिकीर, 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणवाव्या लागलेल्या लातुरातही, तो सहसा करणार नाही. चढ्या दाबाने सील लवकर झिजतात, ती तजवीज निराळी.