दाखला एक, अर्ज दोन

बी.कॉम.ला असताना मला बरोबरीने, बाहेरून परीक्षा देऊन, मराठीत बी.ए. करायचे होते. खिडकीवरच्या कारकुनांनी शाळा सोडल्याचा मूळ दाखला मागितला. दाखला एकच, तोही कॉलेजात जमा! ‘एका माणसाने दोन जागा अडवायच्या नाहीत,’ ते म्हणाले. बहिःस्थ विद्यार्थी कुठली जागा अडवतो, हे विचारायचे धाडस झाले नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रमांना मुभा दिली. दोन्ही नियमित असतील तर तासांच्या वेळा एकमेकांवर येऊ नयेत. एक नियमित, दुसरा दूरस्थ, असेही चालते. पीएच.डी. मात्र यात नाही.

माझे मराठी राहूनच गेले. नातीला म्हटले, ‘बाळ, विद्यापीठाचा नियम विचार आणि दोन्ही अर्ज भर.’