मरणशय्येवरील बोल

मरणोन्मुख माणूस कधीं कधीं आपणांस न दिसणाऱ्यांशीं बोलतो. "आई न्यायला आली आहे," असें म्हणतो. गांवाला निघण्याची घाई करतो. भोंवतालचीं माणसें भेदरतात, आणि "भ्रम झाला" असें म्हणून त्याला गप्प करतात. या बोलांकडे पाहण्याची सुशिक्षितांची दृष्टि शंभर वर्षांत कशी पालटली, तें आज सांगावयाचें आहे.

१९२४ सालीं लंडनच्या एका प्रसूतिरुग्णालयांत एक बाळंतीण मृत्युपंथास लागली होती. आपले दिवंगत वडील दिसत असल्याचें तिनें सांगितलें. मग त्यांच्याजवळ बहिणीला पाहून ती चकित झाली. ती बहीण थोड्याच दिवसांपूर्वीं वारली होती, आणि ती वार्ता हिच्यापासून मुद्दाम लपविली होती. तेथील डॉक्टर लेडी बॅरेट यांनीं ही हकीकत आपले पती, पदार्थविज्ञानवेत्ते सर विल्यम बॅरेट यांना सांगितली. अशा हकीकतींचें त्यांचें पुस्तक त्यांच्या निधनानंतर १९२६ सालीं निघालें. पुढें ओसिस व हाराल्डसन यांनीं अमेरिका व हिंदुस्थान येथील डॉक्टर-परिचारिकांस विचारून १९७७ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. अमेरिकन रोग्यांना बहुधा मृत आप्त दिसत, आपल्याकडील रोग्यांना देवदेवता व यमदूत. परंतु या संशोधकांना मुख्यतः हवा होता परलोकाचा पुरावा; रोग्याचें समाधान गौणच राहिलें.

तें समाधान पुढें आणलें शुश्रूषेनें. सिसिली साँडर्स यांनीं १९६७ सालीं लंडनमध्यें सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडलें. देहाच्या वेदनेबरोबर मनाची, कुटुंबाची व श्रद्धेची वेदनाहि हलकी केली पाहिजे, ही त्यांची शिकवण. मुंबईंत वांद्र्याला १९८६ सालीं शांति अवेदना सदन निघालें. अमेरिकेंत बफेलो येथील अशाच संस्थेंत डॉ. ख्रिस्तोफर कर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ५९ रोग्यांना स्वतःलाच विचारलें. तो वृत्तांत २०१४ चा. बहुतेकांनीं अशीं स्वप्नें वा दर्शनें सांगितलीं. मृत्यु जवळ येई तसतसे दिवंगत आप्त अधिक दिसूं लागत, आणि त्यांनींच सर्वाधिक दिलासा मिळे.

येथें एक विवेक ठेवावा. रोगी तळमळत असेल, घरच्यांना ओळखीत नसेल, तर तो जंतुदोषाचा वा औषधाचा वात असूं शकतो. डॉक्टरांस त्वरित बोलवावें. परंतु शुद्धीवर असलेला रोगी शांतपणें सांगत असेल, तर वाद घालूं नये. "कोण आलें? काय म्हणाले?" एवढेंच पुसावें. दर्शन भीतिदायक असेल, तर तेंहि ऐकावें. त्यामागें जुनें शल्य असूं शकतें.

माझ्या मातोश्री अखेरीस म्हणत, "दादा दारांत उभा आहे, त्याला आंत घे." आयुष्यभर मुलांच्या चुका दुरुस्त करणारा मी म्हणालों, "आई, मामा जाऊन वीस वर्षें झालीं." त्यानंतर त्या मजशीं त्याविषयीं कधींच बोलल्या नाहींत. माझें उत्तर बरोबर होतें. पण तो प्रश्नच नव्हता.