एरंडेल आणि फिरतें इंजिन

१८७० सालीं बुलढाणा जिल्ह्यांतील जलंब-खामगांव लोहमार्ग लॉर्ड मेयो यांच्या हस्तें खुला झाला. त्या काळीं हिंदुस्थानांत आगगाड्यांना वंगण म्हणून एरंडेल घालीत. इतर वनस्पतितेलांहून तें दाट, म्हणून उन्हाळ्यांतही टिके.

पहिल्या महायुद्धांतील ‘नोम’ विमान-इंजिनांत, जेथें सिलिंडरच गरगर फिरत, तेंच तेल पडे. कारण पेट्रोलांत तें सहजीं विरघळत नाहीं. धुराबरोबर तें वैमानिकांच्या पोटांत गेल्यास काय होई, हें घरोघरीं ठाऊकच आहे!

१९६७ सालीं बाजारांत आलेल्या माझ्दा ‘कॉस्मो’ मोटारींतील वांकेल इंजिनाची तऱ्हा निराळी. तेथें त्रिकोणी फिरकीच्या टोकांवरील पट्ट्यांसाठीं थोडें तेल इंधनासंगें जळूं द्यावेंच लागतें. म्हणून उष्ण प्रदेशांत नुसता दाटपणा पाहून भागत नाहीं. तेल स्वच्छ जळलें पाहिजे. येथें एरंडेल हरतें: त्याचा चिकट थर उरतो आणि पट्ट्या खांचेंत अडकतात.